टाकणखाराची लाही

एप्रिलातली गोष्ट. बेळगावातल्या वडगावच्या आमच्या घराच्या गच्चीवर उडदाच्या पापडांचा घाट घातला होता. शेजारच्या दोन्ही वहिनी पोळपाट-लाटणी घेऊन आल्या होत्या, आत्या शहापुराहून रिक्षा करून आली होती. खाली स्वयंपाकघरात आईनं खाराचं पाणी उकळायला ठेवलं आणि मला हाक मारली, "काय करूलालीस गं वर? फडताळातली खाराची पुडी दे बघू."

फडताळात दोन पुड्या होत्या. दोन्ही वर्तमानपत्राच्या कागदात, दोन्हींना तसाच पांढरा दोरा, दोन्हींत पांढरी भुकटी. एक पापडखार. दुसरा टाकणखार, मोरीसाठी आणलेला. दोन्ही एकाच दिवशी रविवार पेठेतल्या एकाच दुकानातून मीच आणले होते, आणि आता कुठली पुडी कसली ते मलाच सांगता येईना.

"जिभेला लावून बघ की," आत्या म्हणाली.

मी जिभेला लावलं नाही. दोन बशा घेतल्या, दोन्हींत चिमूट-चिमूट टाकली आणि वर लिंबू पिळलं. एका बशीत फस्सकन फेस आला. दुसरीतली भुकटी लिंबाच्या रसात भिजून तशीच गप्प बसली. पापडखार, खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा ही सगळी कार्बोनेटच्या कुळातली; आंबट पडलं की त्यांतून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि ती फसफसतात. टाकणखार बोरॉनचा क्षार आहे. लिंबानं त्याला फेस येत नाही.

मी फेस आलेली पुडी आईपुढे केली. तिनं बशीकडे पाहिलं, पुडीकडे पाहिलं आणि ती परत माझ्या हातात दिली. "दोन्ही नकोत. मोरीत टाक. नवीन आण जा." वहिनी म्हणाल्या, अहो, कळलंय ना आता कुठला तो. आई काही बोलली नाही. गॅस बंद करून मला पैसे काढून द्यायला आत गेली. आई इतकी का धास्तावली ते त्या स्वयंपाकघरात आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. ते पुढे सांगते.

आधी नावाचं सांगायला हवं, कारण बेळगावात घोळ नावापासूनच सुरू होतो. मराठीत टाकणखार. जुने सोनार सवागीही म्हणत. हिंदीत सुहागा. इंग्रजी शाळेत गेलेल्या मुलांना बोरॅक्स. आणि पेठेत कानडी दुकानदाराकडे मागायचा तर बिळिगार. बिळि म्हणजे पांढरा, गार म्हणजे खार. पांढरा खार! पण दुकानातल्या कुठल्या खाराला पांढरा म्हणायचं नाही? पापडखार पांढरा, सोडा पांढरा, नवसागर पांढरा, तुरटीची पूड पांढरी. आमच्याकडे एका वस्तूला चार नावं असतात आणि चार वस्तू एका रंगाच्या असतात. त्यात पुडीवर काही लिहिलेलं नसतं. दुकानदाराला आपलं मागणं कळलं, आपल्याला त्याचं बोलणं कळलं, एवढ्या विश्वासावर पुडी घरी येते. घरी आल्यावर ती फडताळात कुणाशेजारी बसते याकडे कुणाचं लक्ष नसतं.

टाकणखाराशी माझी ओळख मात्र पुडीतून झाली नाही, खड्यातून झाली. बाबा सोनारकाम करायचे. शहापुरात घराच्या पुढच्या खोलीतच त्यांची बैठक होती. खिडकीखाली बागेसरी म्हणजे सोनाराची शेगडी, शेजारी फुंकणी, चिमटे, मुशी, आणि एका कोपऱ्यात छोटी सहाण. त्या सहाणेवर बाबा टाकणखाराचा खडा दोन थेंब पाण्यात उगाळत, अगदी चंदन उगाळावं तसा. दाटसर पांढरं गंध तयार झालं की ते बारीक कुंचल्यानं दागिन्याच्या सांध्यावर लावायचे, त्यावर डागाचा, म्हणजे सांधा जोडणाऱ्या धातूचा, इवलासा तुकडा ठेवायचे आणि फुंकणीनं ज्योत वळवायचे.

पुढे जे व्हायचं ते बघायला मी शाळेतून पळत घरी येई. ज्योत लागताच ते पांढरं गंध खदखदायचं, फुगायचं, त्याचा कापसासारखा बोंड व्हायचा. आता हे उडून जाणार असं वाटावं, तेवढ्यात ते बोंड खाली बसायचं, वितळायचं आणि सांध्यावर काचेसारखा पारदर्शक थेंब चमकायला लागायचा. त्या थेंबाखालून डाग पाण्यासारखा वाहत जाई आणि दोन कड्या एक होत. "बघितलीस? वाट त्यानं करून दिली," बाबा म्हणायचे. "टाकणखार नसता तर डाग नुसता गोळा होऊन बसला असता."

त्या वाट करून देण्याचा अर्थ पुढे कॉलेजात रसायनशास्त्र शिकताना कळला. सोन्यात तांबं मिसळलेलं असतं. ते तापलं की हवेतला ऑक्सिजन घेऊन काळं पडतं आणि त्या काळ्या थरावर डाग धरत नाही. टाकणखारातलं पाणी आधी उडून जातं, म्हणून तो फुगतो. मग 740 अंश सेल्सिअसच्या आसपास उरलेला क्षार वितळून काच होतो, आणि ही काच धातूवरचा काळा थर आपल्यात विरघळवून घेते. खालचा धातू स्वच्छ राहतो. काम संपलं की बाबा तो दागिना तुरटीच्या पाण्यात उकळायचे. काच निघून जायची, सांधा दिसायचासुद्धा नाही. इकडे बेळगाव-शहापुरात काय किंवा पलीकडे हुपरीच्या चांदीच्या कारखान्यांत काय, टाकणखाराशिवाय कारागिराचं पान हलायचं नाही.

हा खडा यायचाही किती लांबून! एके काळी तो तिबेटातल्या आणि लडाखमधल्या खाऱ्या सरोवरांच्या काठी गोळा करत. पाठीवर छोट्या छोट्या थैल्या लादलेल्या शेळ्यामेंढ्यांचे कळप तो हिमालयाच्या खिंडींतून खाली आणत. संस्कृतातला टंकण तो हाच, आणि कच्च्या बोरॅक्सला इंग्रजीत टिंकाल म्हणतात तो शब्दही त्यातूनच गेला. आज जगातले सर्वांत मोठे साठे तुर्कस्तानात आहेत, त्याखालोखाल नाव अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या वाळवंटाचं. खाणीतून उकरून काढलेलं हे खनिज. बाबांच्या सहाणेवर ते मला देवाच्या गंधाइतकं सोवळं वाटायचं, आणि या सोवळेपणानंच पुढे आमचा घात होता होता राहिला.

माझी मुलगी तान्ही होती, जेमतेम चार महिन्यांची. मी बाळंतपणाला माहेरी आले होते ती अजून तिथेच होते. तिच्या जिभेवर पांढरा थर धरला, दूध ओढताना रडायला लागली. आईनं तवा चुलीवर ठेवला, बाबांच्या डबीतला टाकणखार त्यावर टाकला. तो फुलला, लाहीसारखा हलका झाला. आईनं ती लाही खलात कुटली, मधात कालवली आणि बोटानं बाळाच्या जिभेवरून फिरवली. दिवसातून तीन-चार वेळा. तिच्या आईनं हेच केलं होतं, तिच्या सासूनंही. मला आणि माझ्या भावाला याच लाहीवर वाढवलेलं. कुणाच्या मनात शंका यायचं कारणच नव्हतं.

दहा-बारा दिवसांत बाळ चिडचिडं झालं. पातळ शौचाला होऊ लागली, तोंडाभोवतीची आणि जांघेतली कातडी लाल झाली. डॉक्टरांकडे दोनदा नेलं. दोन्ही वेळा त्यांनी विचारलं, काही औषध चालू आहे का? आणि दोन्ही वेळा आम्ही मनापासून नाही म्हणालो. लाही आमच्या लेखी औषध नव्हतीच. तिसऱ्या वेळी त्यांनी प्रश्न बदलला. "आज्जी, घरचं काय काय चाटवता बाळाला?" आईनं सगळं सांगितलं, अगदी अभिमानानं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

ते रागावले नाहीत, याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. त्यांनी एवढंच सांगितलं की टाकणखार आणि मध दोन्ही आजपासून बंद. जिभेवर बुरशी आली होती, तिच्यासाठी थेंब दिले. बाळाला झालं ते लाहीमुळेच झालं का, ते छातीठोकपणे सांगता येणार नाही, असंही ते प्रामाणिकपणे म्हणाले. आठवड्याभरात पोर हसायला लागली. त्या रात्री आई जेवली नाही.

त्यानंतर मी या विषयाचा पिच्छा पुरवला. कळलं ते असं. 1983 मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात सात तान्ह्या बाळांची हकीकत छापून आली. त्यांच्या चोखणीला मध आणि बोरॅक्सचं मिश्रण लावून काही आठवडे देत होते. सातही बाळांना आकड्या येऊ लागल्या. ते मिश्रण बंद केल्यावर आकड्या थांबल्या. म्हणजे आमच्याकडे बोटावरून जे जात होतं, तेच तिकडे चोखणीवरून जात होतं. बोरॉनचा क्षार पोटात गेला की रक्तात उतरतो आणि बाहेर पडतो तो लघवीवाटे. मोठ्या माणसाच्या शरीरातून निम्मा बाहेर जायला साधारण एक दिवस लागतो. बाळाची मूत्रपिंडं कोवळी. तिथे आज दिलेलं पुरतं जायच्या आत उद्याचं येऊन पडतं. चिमूट लहानच असते, पण चिमटीवर चिमटी साठत जाते. आणि मध तर एक वर्षाच्या आतल्या बाळाला द्यायचाच नाही. त्यात अशा जंतूंची बीजं असू शकतात की जी बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात.

माझ्या मनाला सर्वांत जास्त लागली ती लाहीची गोष्ट. आमच्या घरात सगळ्यांचा समज असा, की भाजलं म्हणजे शुद्ध झालं, त्यातलं वाईट निघून गेलं. तव्यावर निघून जातं ते फक्त पाणी. टाकणखाराच्या वजनात जवळजवळ निम्मं, शेकडा 47 भाग, पाणीच असतं. ते उडालं की उरतो तो निव्वळ क्षार. म्हणजे वजनास वजन धरलं तर लाही कच्च्या टाकणखाराच्या जवळजवळ दुप्पट जोरकस. आम्ही तिला सौम्य समजत होतो! वैद्य लोक टंकण वापरतात ते रोगी बघून आणि मात्रा मोजून. ती त्यांची विद्या आहे आणि तिच्याबद्दल मी बोलणार नाही. आमच्या तव्यावर ना रोगी बघितला जात होता ना मात्रा मोजली जात होती. शिवाय बाळाच्या जिभेवरचा असला थर पुष्कळदा आपला आपणच जातो. पिढ्यान्‌पिढ्या तो आपोआप गेला आणि श्रेय लाहीच्या पदरात पडलं.

मग असा पदार्थ घरात हवाच कशाला, असं माझ्या जाऊबाईंनी एकदा विचारलं होतं. मला तो हवा असतो. बादलीत आणि मोरीत त्याच्यासारखा गुणी दुसरा नाही.

आमच्या बोअरचं पाणी जड. साबण फेसाळत नाही, पांढरे कपडे दोन महिन्यांत पिवळट पडतात. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाचा साका करून टाकतात. टाकणखार त्यांना आवर घालतो आणि पाणी मध्यम अल्कधर्मी करून ठेवतो. त्याच्या द्रावणाचा पीएच नऊच्या थोडा वर राहतो. धुण्याच्या सोड्याइतका तो जहाल नाही, म्हणून सुती कपड्याला सोसतो. थंड पाण्यात तो तळाशी बसून राहतो, म्हणून आधी तांब्याभर कढत पाण्यात दोन चमचे विरघळवायचा, मग बादलीत ओतायचा. उशांचे अभ्रे, पंचे, स्वयंपाकघरातली तेलकट फडकी अर्धा तास भिजू द्यायची आणि नेहमीसारखी धुवायची. खळबळून दोनदा पाणी काढायचं, हे विसरायचं नाही. रेशमी आणि लोकरी कपडे त्यात घालू नयेत. आईची शहापुरी रेशमी साडी आणि माझं इरकल मी त्याच्या वाऱ्यालाही ठेवत नाही. ॲल्युमिनियमचं भांडंही त्यात भिजवू नये, काळं पडतं. तान्ह्या बाळाचे कपडे तर साध्या साबणानंच धुवावेत.

मोरीच्या जाळीला येणारा वास, संडासातला पिवळा कड, पावसाळ्यात भिंतीला धरणारी बुरशी यांवर ओल्या फडक्यावर थोडा घेऊन घासला की काम होतं. आमच्याकडे जूनपासून चार महिने ओल हटत नाही, खानापूरकडे तर विचारूच नका. तिकडे बांबू आणि लाकूड किडू नये म्हणून ते टाकणखार आणि बोरिकच्या द्रावणात मुरवतात, ते याच गुणासाठी: बुरशीला आणि किडीला तो मारतो. कडोलीकडे माझा मामेभाऊ फ्लॉवर लावतो. बोरॉन कमी पडलं की गड्डा तपकिरी पडतो, देठ आतून पोकळ होतो. म्हणून तो जमिनीला बोरॅक्स देतो, आणि तोही माती तपासून, मोजून. जरा जास्त झालं तर पानांच्या कडा करपतात. पिकालाही तो बेतानंच चालतो.

याच टाकणखाराचं भावंड म्हणजे बोरिक पावडर, बोरिक ॲसिड. ही कॅरमच्या पावडरीत असते हे किती जणांना माहीत असतं? गणपतीच्या मंडपात रात्ररात्र कॅरम चालतो, त्याच बोटांनी पोरं चुरमुरे खातात. खेळून झालं की हात धुवा, एवढं सांगितलं तरी पुरे. झुरळांसाठी तिच्यात कणीक, साखर आणि दूध घालून गोळ्या करतात. झुरळं जातात, खरंच जातात. पण त्या गोळ्या हुबेहूब पेढ्यांसारख्या दिसतात! सिलिंडरमागे ठेवलेली गोळी रांगत्या पोराच्या हाताला सगळ्यांत आधी लागते. ज्या घरात लहान मूल किंवा मांजर-कुत्रं आहे तिथे या गोळ्या करूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. वैद्यकीय पुस्तकांत बोरिक ॲसिडची जीवघेणी मात्रा मोठ्या माणसासाठी पंधरा-वीस ग्रॅम दिलेली असते. तान्ह्यासाठी अवघी दोन-तीन ग्रॅम. चमचाभरसुद्धा नाही.

अलीकडे फोनवर आणखी एक भलतंच फिरतंय: सांधेदुखीवर टाकणखाराचं पाणी प्या. समोरच्या काकांनी मला तो निरोप वाचून दाखवला. गुडघ्यांनी ते बेजार आहेत, त्यांची आशा मला कळत होती. मी त्यांना 1902 सालची गोष्ट सांगितली. तेव्हा अमेरिकेत दूध-मांस टिकवायला सर्रास बोरॅक्स घालत. तिथल्या कृषी खात्यातले हार्वे वायली यांनी धट्ट्याकट्ट्या बारा तरुणांना जेवणातून तो खाऊ घातला, काय होतं ते बघायला. त्यांची भूक गेली, डोकी दुखू लागली, पोटं बिघडली. आपल्याकडेही खाण्याच्या पदार्थात बोरॅक्स घालायला परवानगी नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत तो प्रजननाला आणि गर्भाला बाधक ठरला, म्हणून 2010 मध्ये युरोपनं त्याचं नाव अतिशय चिंताजनक पदार्थांच्या यादीत घातलं. काकांनी निरोप पुसला की नाही ठाऊक नाही, पण पुढाऱ्यासारखं मान हलवून गप्प न बसता त्यांनी दुसऱ्या दिवशी माझ्याकडून हाडाच्या डॉक्टरांचा पत्ता घेतला.

कुणाच्या पोटात चुकून गेलाच, तर ओकारी काढायला लावू नये. तोंड धुवावं, पुडी किंवा डबा बरोबर घ्यावा आणि थेट दवाखाना गाठावा, नाहीतर 108 ला फोन करावा. त्यावर असा उतारा नाही की जो घरी देता येईल.

पापडांच्या दुसऱ्या दिवशी मी नव्यानं आणलेला टाकणखार काचेच्या बरणीत भरत होते. भांड्याला येणारी अक्का शेजारी ओट्याशी उभी होती. तिचे हात मी इतकी वर्षं रोज बघते, पण त्या दिवशी नीट बघितले. दिवसभर चार घरची भांडी, बोटांच्या पेरांना भेगा, अंगठ्याजवळ तर चीर पडून रक्त वाळलेलं. धड कातडीतून टाकणखार आत जात नाही म्हटलं तरी चालेल. फुटलेल्या कातडीतून जातो. आणि आमच्या घरातली मोरी इतके दिवस याच हातांनी, याच भुकटीनं घासली जात होती. माझे हात धड आहेत. मी तिच्यासाठी हातमोजे आणले, ते तिला निसटतात. तेव्हापासून मोरी मी घासते.

बरणीवर मी कागद चिकटवून मराठीत लिहिलं: टाकणखार. अक्का चौथीपर्यंत कानडी शाळेत शिकलेली. तिनं विचारलं, "येनु बरदिरी, बाई?" मी सांगितलं, बिळिगार. "मग तसं लिहा की." माझ्या वेड्यावाकड्या कानडी अक्षरात मी लिहायला घेतलं, तर पहिल्याच अक्षराची वेलांटी चुकली. तिनं पदराला हात पुसला, माझ्या हातून पेन घेतलं आणि मराठी नावाखाली कानडीत सावकाश, घोटून नाव लिहिलं. खाली मी दोन्ही भाषांत लाल शाईनं लिहिलं, तोंडात घालायचं नाही. बरणी स्वयंपाकघरातून हलवली, न्हाणीघरातल्या उंच फळीवर ठेवली.

आई दारात उभी राहून हे सगळं बघत होती. ती आत गेली, तिची जुनी ट्रंक उघडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात बाबांची पितळी डबी होती. मला वाटलं होतं, ती कधीच गेली. झाकण घट्ट बसलं होतं, चमच्याच्या टोकानं उघडावं लागलं. तळाशी बोटभर लाही होती, पिवळट, गोळे धरलेली.

न्हाणीघरात अभ्रे भिजत घालायचे होते. आईनं तांब्यात कढत पाणी घेतलं, डबी त्यात उलटी केली आणि तळाला चिकटलेलं काडीनं खरवडून काढलं. मग डबी धुतली, पुसली आणि मला विचारलं, "हिच्यात बडीशेप ठेवली तर चालंल काय गं?"

"नको," मी म्हटलं. तिनं मान हलवली आणि डबीत शिवणाच्या सुया भरल्या.